कस्तुरीचे सहा धागे

कुंभोजेबाईंच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत शाळेत बऱ्याच गोष्टी वाजतगाजत आल्या आणि मुकाट्यानं गेल्या. बोलका फळा आला, तो दोन वर्षांत मुका झाला. मुलांची उंची-वजन आपोआप घेणारी सतरंजी आली, ती हल्ली स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या पायाखाली असते. त्यामुळे चार वर्षांपूर्वी 'सोबत' आली तेव्हा बाईंनी तिलाही मनातल्या मनात दोनच वर्षं दिली होती. पण सोबत टिकली. नुसती टिकली नाही, तिनं शाळेत चांगलं ठाण मांडलं.

सोबत म्हणजे कॉलरला लावायचा एक बिल्ला. नाण्याएवढा, निळा, धुतला तरी न बिघडणारा. पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलाला सकाळी फाटकात तो लावायचा आणि सुटताना काढून घ्यायचा.

त्यामागचं शास्त्र समजायला तसं अवघड नव्हतं. प्रत्येक बिल्ला सेकंदाला वीस वेळा आजूबाजूच्या बिल्ल्यांना हाक घालतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून कोण किती अंतरावर आहे ते ओळखतो, वीतभराचीही चूक होत नाही. मूल कुणाकडे तोंड करून उभं आहे ते त्याला कळतं. कोण बोललं आणि त्यावर कोण बोललं, हेही कळतं. आता, नुसतं जवळ असण्यावरून मैत्री ठरत नाही, एवढी अक्कल सोबत बनवणाऱ्यांना होती. वर्गात मुलं बाई बसवतील तिथं बसतात, खिचडीच्या पंगतीत हजेरीच्या क्रमानं बसतात. त्यात त्यांची निवड कुठे आली? म्हणून सोबत फक्त मधल्या सुट्टीतला खेळ मोजायची. त्यातही परतफेड झालेलीच गोष्ट मोजायची. एकानं शिवलं, दुसऱ्यानं उलट शिवलं. एकीनं हाक मारली, दुसरीनं ओ दिली. अशी प्रत्येक परतफेड म्हणजे एक पीळ, आणि असे पुरेसे पीळ बसले की दोन मुलांमध्ये एक धागा. साऱ्या वर्गाचे धागे मिळून शाळेच्या पडद्यावर एक जाळं दिसायचं, आणि आपल्या मुलाचा ठिपका आईबापांना फोनवर.

ज्या मुलाला दोनदेखील धागे नाहीत ते मूल एकटं. अशी मुलं पुढे शाळा सोडतात, आजारी पडतात, मिटून जातात, हे सोबतनं लाखो मुलांच्या नोंदींवरून दाखवून दिलं होतं. आणि खरं सांगायचं तर बाईंचा तिच्यावर विश्वास बसला होता. दोन वर्षांपूर्वी वर्गात समर्थ नावाचा एक सदा हसणारा मुलगा होता. त्याच्या हसण्याला कुणीच उत्तर देत नाही, हे बाईंना डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं; सोबतनं ते तीन आठवड्यांत दाखवलं. त्या दिवशी बाईंना स्वतःची लाज वाटली होती.

म्हणून जानेवारीतल्या एका सोमवारी दुसरीच्या जाळ्यात एक लाल ठिपका कडेला लोंबकळताना दिसला, तेव्हा बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवून नाव वाचलं. कस्तुरी मगदूम. धागे शून्य. सलग तिसरा आठवडा. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की असे सहा आठवडे भरले की विद्यार्थिनीचा पुनर्गट होईल. म्हणजे तिला शाळा बदलावी लागेल. सोबतनं तिच्या स्वभावाशी जुळणारी मुलं चौदा किलोमीटरवरच्या एका शाळेत हेरून ठेवली होती.

कस्तुरी दिवाळीनंतर आलेली; नव्या मुलाचे पहिले काही आठवडे सोबत धरत नसे. सातव्या महिन्यात जन्मलेली पोर, फुप्फुसं कच्ची. दहा पावलं पळाली की धापा टाकायची आणि खिशातला पंप तोंडाला लावायची. पण ती कडेला लोंबकळते आहे असं बाईंना कधी वाटलं नव्हतं. एकदा समर्थच्या बाबतीत डोळ्यांनी दगा दिला होता, म्हणून या वेळी त्या मधल्या सुट्टीत मैदानात जाऊन नीट पाहत उभ्या राहिल्या.

शिवणापाणी चाललं होतं. राज्य मल्हारवर होतं, आणि खेळाची कारभारीण नेहमीप्रमाणे जिजा होती. जिजाला दोन दात नव्हते, पण तिचा शब्द मैदानात कुणी खाली पडू देत नसे. आणि सगळ्यांच्या मधोमध कस्तुरी होती. चार पावलं पळायची, थांबायची, दम खायची, "मल्हार आला, पळा" म्हणून ओरडायची, पुन्हा चार पावलं पळायची. तिचा चेहरा आनंदानं फुलून गेला होता. मल्हार तिच्या अंगावरून दोनदा गेला, पण त्यानं तिला शिवलं नाही.

"कस्तुरीला का शिवत नाही रे?" बाईंनी विचारलं.

"ती लिंबूटिंबू हाय की बाई," मल्हार म्हणाला आणि पळाला.

लिंबूटिंबू म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. लहान भाऊ, आजारी बहीण, गावाला आलेला पाहुण्यांचा पोर. ज्याला खेळायचं तर आहे पण झेपत नाही, त्याच्यासाठी पोरांनी काढलेली ही सोय. तो पळतो, ओरडतो, लपतो, सगळं करतो, फक्त त्याच्यावर राज्य येत नाही. सरकारनं कुठल्या योजनेत आणलेली नाही, कुणा तज्ज्ञानं सुचवलेली नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली इतकी शहाणी सोय दुसरी नसेल.

माणसाला सांगायला नको, पण यंत्राला सांगावं लागतं. आणि ते कुंभोजेबाईंनीच सांगितलं होतं.

पाच वर्षांपूर्वी, सोबत येण्याआधी, निवडक शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. मुलांच्या खेळातले दोनशे बारा शब्द एका तक्त्यात दिले होते. प्रत्येक शब्दापुढे दोन चौकोन: हा शब्द ज्याला लावतात ते मूल 'खेळात' की 'खेळाबाहेर'? बाद म्हणजे बाहेर. भिडू म्हणजे आत. लिंबूटिंबूपाशी बाईंचं पेन थबकलं होतं, हे त्यांना आता लख्ख आठवलं. ज्याच्यावर राज्य येत नाही त्याला आत कसं म्हणायचं? तिसरा चौकोन नव्हता. जेवणाची घंटा झाली होती आणि मठ्ठा-जिलेबीचा बेत आहे असं शेजारच्या बाई सांगत होत्या. त्यांनी 'खेळाबाहेर'वर खूण केली, पानाखाली सही ठोकली आणि जेवायला गेल्या.

यंत्रानं ते मुकाट्यानं शिकून घेतलं. एखाद्या मुलाला लिंबूटिंबू म्हणतात आणि मग त्याला कुणी शिवत नाही, हे दिसलं की सोबत समजायची: या मुलाला वाळीत टाकलंय.

त्याच दिवशी संध्याकाळी कस्तुरीची आई शाळेत आली. कपड्यांच्या कारखान्यात शिलाईचं काम करायची. सुई लागू नये म्हणून बोटाला लावलेली चिकटपट्टी तशीच होती. त्या भागातल्या बायका-मुली स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, तशीच तीही.

"बाई, मी रोज बघतो त्या फोनात. लाल म्हंजे लालच. माझ्या पोरीला कोण खेळायला घेत न्हाई व्हय?"

"घेतात हो. मी आजच बघितलं. मजेत खेळत होती."

"ती बी तेच सांगती. पण पोरं आईचा जीव दुखू ने म्हणून खोटं बोलत्यात बाई. फोन कशाला खोटं बोलंल?" तिचे डोळे भरून आले. "त्या तिकडच्या शाळंला बसनं जायचं, धुरळ्यात. तिला दम लागला तर कोण बघणार? तुमी कायतरी करा, पण हितनं हलवू नगा तिला."

"नाही हलू देणार," बाई म्हणाल्या. कुणाच्या बळावर म्हणाल्या ते त्यांनाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोबतच्या प्रकल्प कार्यालयाला अर्ज पाठवला. लिंबूटिंबू म्हणजे काय ते पानभर समजावून लिहिलं, स्वतःची चूक कबूल केली, शब्द दुरुस्त करा म्हणून विनंती केली. उत्तर तासाभरात आलं: नोंद घेतली आहे, शब्दसूचीच्या दुरुस्त्या जूनमध्ये एकत्र विचारात घेतल्या जातील.

तालुक्याचे समन्वयक सन्मती चौगुले गुरुवारी आले. तिशीतला सज्जन माणूस. बाईंना त्यांचा राग करणं जड जायचं, कारण ते खुर्चीवर बसायच्या आधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून आणायचे.

"बाई, तुम्ही म्हणता ते मला पटतंय," ते म्हणाले. "आम्हीपण लहानपणी माझ्या चुलतभावाला लिंबूटिंबू घेत होतो. पण आता तो एक शब्द बदलून भागत नाही. तुम्ही दिलं ते नुसतं बियाणं होतं. त्यावर त्यानं चार वर्षं लाखो पोरांचे खेळ बघितलेत. कुणाला शिवत नाहीत, कुणाला वगळून पळतात, ह्याच्यावरनं त्याचं त्यानं ठरवलंय. आता तो शब्द काढला तरी ते कस्तुरीला एकटीच म्हणणार. आत नक्की कुठं काय शिकलंय, ते बनवणाऱ्यांनाही बोट ठेवून दाखवता येत नाही."

"मग मी लिहून देते. डोळ्यांनी बघितलंय मी."

"शिक्षकाचं मत घेत होतो पहिल्या वर्षी. बऱ्याच ठिकाणी शिक्षकांनी पोरांची बदली टाळायला सगळं ठीक आहे म्हणून लिहून दिलं, आणि पोरं खरंच एकटी निघाली. म्हणून तो रकाना काढला." त्यांनी मान खाली घातली. "आकडा वर आला तरच तिची बदली थांबंल बघा. दोन धागे. फक्त दोन."

त्या रात्री बाई आकडेमोड करत बसल्या. आकडा वर यायला हवा. आकडा कशानं वर येतो? शिवल्यानं आणि उलट शिवल्यानं. आणि लिंबूटिंबूला कुणी शिवत नाही. म्हणजे तिला लिंबूटिंबू ठेवलं तर ती जाणार, आणि खरी भिडू केली तर राहणार. उरले होते पंधरा दिवस. शुक्रवारी त्यांनी जिजाला आणि मल्हारला मधल्या सुट्टीआधी थांबवून घेतलं.

"आजपासून कस्तुरी लिंबूटिंबू नाही. तिच्यावर पण राज्य द्यायचं."

जिजानं बाईंकडे असं पाहिलं की बाईंना आपण काहीतरी वेडगळ बोललो असं वाटलं. "पण बाई, ती दमती."

"हळू पळा मग."

"हळू पळलं तर शिवणापाणी कसं हुणार?"

"हे बघ जिजा, ऐक माझं. तिला कुणी शिवत नाही, म्हणून बिल्ल्याला वाटतंय की तिला मैत्रिणी नाहीत. अजून पंधरा दिवसांत तसंच राहिलं तर तिला दुसऱ्या शाळेत पाठवणार आहेत. तिला शिवा, ती पण तुम्हाला शिवेल. तिच्याशी बोला, ती पण उत्तर देईल. म्हणजे बिल्ल्यात येतं."

मल्हार म्हणाला, "बिल्ल्याला दिसत न्हाई व्हय ती खेळती ते?"

"नाही दिसत."

 मग जिजानं एखाद्या पंचासारखी मान हलवली आणि म्हणाली, "बरं. मी सांगतो सगळ्यांस्नी."

पहिला दिवस चांगला गेला. कस्तुरीला सांगितल्यावर ती हरखून गेली. "मी आता खरी?" असं तिनं तीनदा विचारलं. पहिल्याच मिनिटाला मल्हारनं तिला शिवलं आणि कस्तुरीवर आयुष्यातलं पहिलं राज्य आलं. ती धावली. चार पावलांवर दम लागला. पोरं लांब पळाली, मग थांबली, मग थोडी जवळ आली. शेवटी जिजा मुद्दाम पाय घसरल्यासारखं करून खाली बसली आणि कस्तुरीनं तिला शिवलं. बाईंना व्हरांड्यातून ते दिसलं आणि डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी जाळ्यात कस्तुरी आणि जिजा यांच्यामध्ये पहिला बारीक पीळ उमटला होता.

चौथ्या दिवशी एका मुलानं सांगून टाकलं की हा रडीचा डाव आहे. त्याचं काही चुकलं नव्हतं. राज्य कस्तुरीवर आलं की खेळ तिथंच रुतून बसायचा. कुणीतरी पडायचं, कुणीतरी बूट बांधायला वाकायचं, आणि हे सगळं ठरवून चाललंय हे कस्तुरीसकट सगळ्यांना कळायचं. "मुद्दाम पडू नको," ती एकदा जिजाला म्हणाली. जिजा म्हणाली, "मग तू पकडतीस का?" त्यात वाईट काहीच नव्हतं; पण कस्तुरीनं खिशातला पंप काढून तोंडाला लावला. आधी ती पळताना ओरडायची, आता ओरडणं बंद झालं, कारण ज्याच्यावर राज्य येऊ शकतं त्यानं ओरडून आपली जागा दाखवायची नसते. दम पुरवून ठेवायचा असतो.

नवव्या दिवशी बाई मैदानात गेल्या तेव्हा शिवणापाणी चाललंच नव्हतं. कस्तुरी पायरीवर बसली होती आणि तिच्यासमोर दुसरीची सहा मुलं रांगेत उभी होती. जिजा सर्वांत पुढे. तिनं कस्तुरीच्या खांद्याला शिवलं. कस्तुरीनं तिच्या हाताला शिवलं.

"जेवलीस?" जिजानं विचारलं.

"जेवलो," कस्तुरी म्हणाली.

मग मल्हार आला. शिवलं, शिवलं. "जेवलीस?" "जेवलो." मग पुढची. सहा जणांचं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. रांग संपली आणि जिजा बाईंकडे वळली. घरचा अभ्यास दाखवताना तिचा चेहरा असाच असायचा.

"झालं आमचं बाई. आता जाऊ खेळायला?"

"आणि कस्तुरी?"

"तिचं पण झालं की. सहा जणांचं झालं." जिजानं आवाज खाली आणला. "तिला दुसऱ्या शाळेत नेऊ नये म्हणून आम्ही रोज करतो. एक दिवस पण चुकवणार न्हाई."

तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. मैत्रीण जाऊ नये म्हणून जे करायला सांगितलं होतं तेच तिनं केलं होतं, आणि जास्त नीट केलं होतं.  मुलं पाण्याच्या टाकीमागे पळाली आणि तिथून ओरडण्याचा आवाज येऊ लागला. कस्तुरी पायरीवर बसून राहिली. आवाज येत होता त्या बाजूला तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या सोमवारी कस्तुरीचा ठिपका हिरवा झाला. सहा धागे, सगळे जाड. वर्गात एवढे एकसारखे, रोजच्या रोज न चुकता पीळ बसणारे धागे दुसऱ्या कुणालाच नव्हते. जिजाला स्वतःला चारच होते.

चौगुलेसर पेढे घेऊन आले. "बाई, मानलं तुम्हाला. पंधरा दिवसांत शून्यावरनं सहा. आमच्या तालुक्यात असं झालेलंच नाही. वरनं विचारतायत, काय केलं ते लिहून द्या, बाकीच्या शाळांना पाठवू."

"सर, ती आता एकटी पडलीय," बाई म्हणाल्या. "आधी नव्हती. मी पाडलं तिला एकटं." मग त्यांनी रांगेचं, 'जेवलीस' आणि 'जेवलो'चं, टाकीमागच्या आवाजाचं सगळं सांगितलं.

चौगुलेसरांनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.  मग म्हणाले, "मी काय करू सांगा. लाल असलेल्या पोरासाठी माझ्याकडं दहा उपाय आहेत. हिरव्यासाठी एक पण नाही. हिरव्या पोराची तक्रार नोंदवायला जागाच नाही ह्याच्यात." जाताना ते खोका तिथंच विसरून गेले.

कस्तुरीची आई आली ती बाईंच्या पायाच पडायला लागली. बाईंनी तिला अर्ध्यावर धरलं आणि जमेल तसं सांगायचा प्रयत्न केला. आई ऐकत होती, पण तिची नजर पुन्हा पुन्हा फोनच्या हिरव्या ठिपक्याकडे जात होती.

"गप्प गप्प असती जरा, ते खरं हाय," ती म्हणाली. "पण बाई, पयल्यांदा हसत होती तवा लाल होतं, म्हंजे आत आत झुरतच होती की. आता सुधारंल. सहा मैत्रिणी हायत. मला तर एकच होती शाळंत."

बाईंनी मग उलट्या पावली जायचं ठरवलं. जिजाला बोलावलं आणि म्हणाल्या की झालं ते झालं, आकडा वर आलाय, आता कस्तुरीला परत लिंबूटिंबू घ्या. रोजचं शिवणंही चालू ठेवा, आणि खेळायलाही घ्या.

जिजा विचारात पडली. तिला बाईंचं मन मोडायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण नियम तो नियम.

"बाई, एकदा राज्य आल्यावर परत लिंबूटिंबू हुता येत न्हाई. बारक्या पोरांचं पण तसंच अस्तंय. एकदा मोठं झालं की झालं."

"पण तिला पळता येत नाही ना."

"म्हणून तर घेत न्हाई आता," जिजा शांतपणे म्हणाली. "खरी म्हणून घेतलं तर ती हरती. हरली की रडती. मग आम्हालाच कसंतरी हुतंय."

तरीही बाईंच्या शब्दाला मान म्हणून मुलांनी एक दिवस तिला बोलावलं. "ये गं, लिंबूटिंबू हो," मल्हार म्हणाला. कस्तुरी पायरीवरून उठली नाही. "मी काय बारकी हाय?" एवढंच ती म्हणाली. दोन महिन्यांपूर्वी हाच शब्द कानावर आला की ती टाळ्या पिटत उड्या मारायची. तो शब्द म्हणजे कमीपणा, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. ती खरी होऊ शकते असं बाईंनी सांगितलं आणि मग ती खरी होऊ शकत नाही हे मैदानानं सांगितलं. बाई व्हरांड्यातच उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत त्यांना आपल्या हातांचं काय करावं हे पहिल्यांदाच सुचेना.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कस्तुरी मधल्या सुट्टीत वर्गात आली. रांग उरकली होती. ती बाईंच्या टेबलाशी उभी राहून डस्टरवरचा खडू नखानं काढत राहिली.

"बाई, मला त्या दुसऱ्या शाळेत कधी नेणार?"

"तुला जायचंय तिकडं?"

"तितं कुणाला ठाऊक न्हाई मला पळता येत न्हाई ते," कस्तुरी म्हणाली.

बाईंनी त्याच दुपारी अर्ज भरला. ज्या बदलीच्या विरोधात महिन्यापूर्वी पानभर लिहिलं होतं, तीच बदली आता त्या मागत होत्या. आईची परवानगी नव्हती तरी भरला. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना, तेव्हा 'मुलीची इच्छा' असं लिहिलं. उत्तराला तास नाही लागला, चार सेकंद लागले. विद्यार्थिनीस सहा सक्रिय धागे आहेत. स्थलांतराची आवश्यकता नाही. तोडलेले धागे मुलांना इजा करतात, असंही खाली जोडलं होतं, आणि एरवी ते वाक्य बाईंनी स्वतः कुणालाही सांगितलं असतं.

एकच वाट उरली होती. मुलांना सांगायचं की आता तिला शिवू नका. मग धागे विरतील, ठिपका लाल होईल, सहा आठवड्यांनी बदली होईल. पण त्या सहा आठवड्यांत कस्तुरीला दिवसातली ती दोन मिनिटंही मिळणार नाहीत. आणि चौदा किलोमीटरवरच्या मैदानात दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना कळेल की हिला पळता येत नाही. मुलांच्या खेळात एकदा हात घालून काय झालं ते समोर दिसत होतं. बाईंची पुन्हा हात घालायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत कस्तुरी परत आली. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि खोटं न बोलता सांगायचं ठरवलं.

"नाही म्हणालेत गं. तुला इथं मैत्रिणी आहेत म्हणतात, म्हणून नेणार नाहीत."

कस्तुरीनं थोडा विचार केला. "किती?"

"सहा."

"कोण कोण?"

बाईंनी टॅबवर जाळं उघडलं. त्यांना वाटलं, निदान नावं ऐकून पोरीला बरं वाटेल. एकेक धागा बोटानं दाखवत त्या सावकाश वाचत गेल्या. जिजा. मल्हार. तन्वीर. मग पुढची तीन. प्रत्येक नावाला कस्तुरी मान हलवत होती आणि एकेक बोट मिटत होती. सहाव्या नावाला दुसऱ्या हाताचं बोट लागलं. मिटलेल्या बोटांकडे ती जराशा नवलानं पाहत राहिली.

मग तिनं मान वर केली.

"त्यांना ठाऊक हाय का, बाई?"

टाकीमागे पोरांचा गलका चालला होता. बाईंनी टॅब बंद केला आणि कस्तुरीला मांडीवर घेतलं. दुसरीतल्या एवढ्या मोठ्या मुलीला असं मांडीवर घेत नाहीत, पण घंटा व्हायला अजून अकरा मिनिटं होती.